हरलेल्या टीमचा प्लेअर एमव्हीपी का चालत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू, जिंकलेल्या टीममधलाच असायला पाहिजे असं सगळे इतकं धरून चाललेत की त्यावर कोणी वाद पण घालत नाही, म्हणून हे पत्र.

अहो, हा अवॉर्ड सुरू झाला 1969 ला आणि पहिलाच गेला हरलेल्या माणसाला! लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स, सातवी मॅच लॉस एंजेलिसला, लेकर्सच्या मालकाने आपणच जिंकणार म्हणून छताला फुगे बांधून ठेवलेले. लेकर्सच्या जेरी वेस्टच्या मांडीचा स्नायू आधीच्या मॅचमध्ये दुखावलेला, तरी पठ्ठ्याने 42 पॉइंट्स, 13 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), 12 असिस्ट (बास्केट होईल असा पास) काढले. शेवटाला सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेला आपटून सरळ वर उडाला आणि परत जाळीतच पडला, आणि लेकर्स 108-106 ने हरले. फुगे राहिले वरच. तरी एमव्हीपी वेस्टला दिला, आणि त्यात कोणाला काही चुकलंय असं मला तरी वाटत नाही. त्यानंतर आजपर्यंत हरलेल्या टीममधल्या एकालाही नाही.

आता 2015 बघा. क्लीव्हलँडचा केविन लव्ह प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला खांदा निखळून बाहेर, कायरी अर्व्हिंगचा गुडघा फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये गेला, म्हणजे त्यांचा स्टार लेब्रॉन जेम्स जवळजवळ एकटाच. मॅचमागे 35.8 पॉइंट्स, 13.3 रिबाउंड, 8.8 असिस्ट, दोन्ही टीम धरून तिन्हीत तोच टॉपला, आणि गोल्डन स्टेट वॉरियर्ससारख्या टीमविरुद्ध 2-1 अशी लीड पण घेऊन दाखवली. एमव्हीपी कोण, तर जिंकलेल्या वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला. 7 मतं त्याला, 4 लेब्रॉनला, आणि वॉरियर्सचाच स्टार स्टीफ करीला शून्य (ते वेगळंच नाटक).

इग्वोडाला वाईट खेळला असं अजिबात नाही हां. चौथ्या मॅचला वॉरियर्सचे कोच स्टीव्ह कर यांनी सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर) खेळणाऱ्या बोगटला बसवून त्याला पहिल्या पाचात घेतलं, टीम छोटी पण फास्ट झाली, आणि सीरिज तिथेच फिरली, पुढच्या तिन्ही मॅच वॉरियर्सच्या. लेब्रॉनला गार्ड करायचं कामही मुख्यतः त्याचंच, आणि लेब्रॉनचे शॉट 40 टक्क्यांच्या आतच पडले हे पण खरं. पण ज्याला थोडंफार अडवलं म्हणून बक्षीस मिळतं, तो अडवलेला माणूस मग किती भारी असेल ते सांगा ना!

क्रिकेटमध्ये आपण हे मानतोच की. 2023 च्या वर्ल्ड कपला फायनल हरूनही 765 रन्सवाला कोहलीच प्लेअर ऑफ द टूर्नामेंट. फुटबॉलमध्ये 2014 ला मेस्सीला गोल्डन बॉल, कप जर्मनीचा. कोणी म्हणेल तिथे अख्खी स्पर्धा मोजतात, इथे दोनच टीम. बरोबर, पण चार मॅच जिंकायच्या असतात हो, सीरिज दीड ते अडीच आठवडे चालते, एका रात्रीचा खेळ नाही तो.

दरवर्षी हरलेल्यालाच द्या असं पण नाही म्हणत मी. 2025 ला चॅम्पियन ओक्लाहोमाचा शाय गिल्जस-अलेक्झांडर, मॅचमागे 30 च्या वर पॉइंट्स, त्याच्यासमोर इंडियानाचं दुसरं नाव येतच नव्हतं, हॅलिबर्टनने पहिली मॅच शेवटच्या सेकंदाला काढून दिली तरी. तिथे वाद नाही. पण मत देणाऱ्या 11 जणांनी निदान दोन्हीकडे बघावं एवढंच.

खरी अडचण काय असेल तर तो सोहळा. मॅच संपली की काही मिनिटांत स्टेजवर ट्रॉफी द्यायची, कॉन्फेटी उडतेय, आणि तिथे हरलेल्याला बोलवायचं म्हणजे अवघडच. मग द्या की दुसऱ्या दिवशी, टीव्हीवाले सोडून घाई कोणाला आहे?

आपला,
एक बास्केटबॉलवेडा वाचक