दिवा, आई आणि मे महिना

अमळनेर,
ता. २१ मे

प्रिय दिन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो, तोंडात दोन स्क्रू. म्हणून नुसतं हूं हूं केलं. पारोळ्याच्या घरी काका-काकूंसाठी माणूस आला की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे लावायचे म्हणतोस ना? लाव. पण आधी माझा गाढवपणा ऐक.

दिवाळीत आई रात्री परसातल्या संडासाकडे जाताना पायरीवरून घसरली. हाड वाचलं, घोटा मात्र महिनाभर सुजलेला. दिव्याचं बटण दाराशीच आहे, पण ती दाबेल तर शपथ. "बिल येतं ना!" मग मी संडासाच्या दारावर, घराकडे तोंड करून सेन्सर ठोकला. आई त्याच्या रोखानेच चालत जायची आणि पायऱ्या उतरून झाल्या की दिवा लागायचा. काय उपयोग?

मग एक सेन्सर उघडूनच पाहिला. पांढऱ्या घुमटावर बारीक बारीक भिंगं असतात आणि आत उष्णता ओळखणाऱ्या चकतीचे दोन भाग. दोघांना सारखंच दिसतंय तोवर तो गप्प. माणूस समोरून आडवा गेला की त्याच्या अंगाची धग आधी एका भागाला लागते, मग दुसऱ्याला. त्या फरकावर दिवा लागतो. त्याला माणूस कळतच नाही रे, फक्त धग हलल्याची कळते. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा दिसतो तो यामुळेच. सेन्सर बाजूच्या भिंतीवर सात फुटांवर नेला, आई पायऱ्या आडव्या ओलांडू लागली आणि पहिल्या पायरीलाच उजेड.

हिवाळाभर मी गल्लीत शहाणा ठरलो. मग आपला मे आला. पारा ४४ वर. सेन्सरच्या समोरची भिंत पश्चिमेची, दुपारभर ऊन पिऊन रात्री नऊलाही तव्यासारखी. आपली कातडी साधारण ३३-३४ अंशांची. भिंतही तेवढ्यावर आली की सेन्सरला आई आणि भिंत एकच! आई काळोखात उभी राहून हात हलवतेय आणि म्हणतेय, "हाऊ दिवा येडा शे का रे?" कंपनीच्या कागदावर लिहिलेला सात मीटरचा पल्ला खान्देशातल्या उन्हाळ्यात धरूच नकोस. आता तो अशा जागी हलवलाय की समोर निंबाच्या सावलीतली भिंत येते, आणि सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू वाढवलाय. बरंच जमतंय.

दुसरा स्क्रू वेळेचा. माझ्याकडच्यात पाच सेकंदांपासून पाचेक मिनिटांपर्यंत जातो. संडासाच्या आतल्या दिव्याला मी तो एक मिनिटावर ठेवला होता. माणूस स्थिर बसला की धग हलत नाही, दिवा गुल. आतून आईने माझा जो उद्धार केला, तो पत्रात लिहिण्याजोगा नाही. आता तीन मिनिटं.

दुकानदार तुला रडारवाला घ्यायला सांगेल. तो स्वतःच लहरी सोडतो, त्यामुळे उन्हाचं त्याला काही नाही. पण काच, प्लायवूडचं दार, पातळ भिंत यांच्या आरपार त्याला दिसतं. तुमचं घर गल्लीला खेटून. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला दिवा लागेल आणि काका रात्रभर "कोन शे रे तठे?" करत बसतील. तो मधल्या खोलीतच ठीक. उलट साधा सेन्सर खिडकीच्या आतून बाहेर बघायला लावू नकोस, काचेतून त्याला माणसाची धग कळत नाही. कूलरच्या झोतासमोरही नको, उगीच पेटतो. मांजरीचं मात्र मी सोडून दिलंय.

दिवसा दिवा लागू नये म्हणून उजेड ओळखणारा घे. आणि लाईट जाऊन आली की पहिलं मिनिटभर सेन्सर भानावर नसतो, मनाला येईल तसा पेटतो-विझतो. तेवढ्यासाठी काकूंच्या उशाशी बॅटरी राहू दे.

पायऱ्या आणि संडास, दोनच जागा कर. जूनमध्ये येशील तेव्हा शिडी माझी घेऊन जा, आणि येताना पिशवी आण. बिबड्या वाळल्यात, आईने तुझा डबा वेगळा भरून ठेवलाय.

तुझा,
भावड्या