सूचना : आबाजींचे घोडे पाहायला रविवारी नागपूरला

समस्त भावकीला नमस्कार. आपल्या आबाजींनी काढलेली घोड्यांची चित्रं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, लागली आहेत! १८६३ साली सुरू झालेल्या संग्रहालयात आपल्या घरचं नाव झळकलं, ऊर भरून आला.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आर्वी बसस्टँडवर जमा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा टाळाटाळ नको. एसटीत बायांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना फुकट; आधार कार्ड सोबत पाहिजेच.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आल्यावर काढलेली पांढरी घोडी नक्की पाहा. गेरू, चुना अन् कंदिलाची काजळी, एवढेच रंग. कागद जुन्या कॅलेंडरची पाठ. एक कान मागे वळलेला, जणू कोणी हाक मारली. लेकरांना तिथं उभं करून सांगा, हे तुमच्या पणजोबांच्या हातचं आहे. चित्राला मात्र बोट लावू देऊ नका.

आबाजी स्वतः येणार आहेत. तिथंच शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करू. त्यांना जास्त वेळ उभं राहवत नाही, दोघा पोरांनी सतत सोबत राहावं. शिदोरी घरूनच घ्या. येणाऱ्यांची नावं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.