हसत कृती

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

वहिनींचा ताप उतरला का ते आधी कळव. फोनवर घाईत होतास म्हणून लांबवलं नाही, आणि ही गोष्ट व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात सांगवत नाही म्हणून पत्रच लिहायला बसलोय.

माझ्या वर्गातला सातवीचा तो मुलगा आठवतो ना, ज्याला धड वाचता येत नाही म्हणून मी दिवाळीत तुझ्याकडे कुरकुर करत होतो? तो आमच्या संडे स्कूललाही येतो. गेल्या रविवारी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय होता आणि दहावं वचन नेमकं त्याच्या वाट्याला आलं. ओळीखाली बोट, नख पार कुरतडलेलं, आणि हा वाचतोय, "आपण त्याची... हस... हसत... हसत कृती आहोत." पोरं फिदीफिदी हसली. तो मान खाली घालून उभा, पण बोट त्याच शब्दावर, काढलंच नाही त्याने. मला एकदम भरून आलं रे. कारण त्याच्या प्रगतीपुस्तकात मागच्या सत्रात मीच लिहिलंय, 'अभ्यासात गती नाही'. देव ज्याला माझी हस्तकृती म्हणतो त्याचा मी तीन शब्दांत निकाल लावून टाकला होता.

मूळ ग्रीकमध्ये तिथे 'पोईएमा' शब्द आहे, म्हणजे घडवलेली वस्तू, इंग्रजीतला पोएम त्यातूनच आला. पण मला तो शब्द खरा कळला तो कसब्यात, तांबट आळीत. आईचा जुना बंब दुरुस्तीला टाकला होता तो आणायला गेलो आणि तासभर तिथेच बसलो. तांबं तापवलं की मऊ पडतं, ठोकत गेलं की कडक होतं, आणि तसंच ठोकत राहिलं तर चिरतं, म्हणून मधेच परत भट्टीत घालायचं. पत्रा किती सोसतोय ते तांबटाला हातालाच कळतं. शेवटी मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवणं, एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून. मी तिथे बसून विचार करत होतो की मी या पोराला नुसतं ठोकतच आलोय, तो किती सोसतोय हे कधी बघितलंच नाही.

आता तू म्हणशील, मग त्याच्यात काहीतरी छुपं टॅलेंट सापडलं असेल. नाही सापडलं. आणि मला तर वाटतं तसं शोधत बसणं हीच आपल्या ख्रिस्ती शिक्षकांची चूक होते, 'देवाची योजना' म्हटलं की आपल्याला लगेच करिअर दिसतं. वचनात आधी हस्तकृती आहे आणि सत्कृत्यं त्यानंतर येतात, तीही देवाने आधीच योजून ठेवलेली. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं ख्रिस्ती नाहीत, त्यांनाही हे तितकंच लागू आहे, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात पहिल्या अध्यायात देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला एवढंच लिहिलंय, कुठल्या धर्माचा ते नाही. आणि हे त्यांना सांगायचीसुद्धा गरज नसते, हजेरी घेताना आपण मान वर करून बघतो की नाही त्यावरून पोरांना बरोबर कळतं.

पंडिता रमाबाईंचं केडगाव, निराधार बायका-मुलींसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन, परत परत डोळ्यांसमोर येतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या बाईंनी, हाडांचे सापळे नुसते. पुढे अंध मुलींसाठी त्यांच्या लेक मनोरमाबाई स्वतः ब्रेल शिकल्या आणि मग शिकवायला लागल्या. शिक्षिकेने आधी स्वतः शिकायचं, हे मला फार मोठं वाटतं.

तर मीही सुरुवात केलीये. त्याच्या आईला बोलावून माफी मागितली, ती माउली उलट मलाच चहा घ्या म्हणाली. डिस्लेक्सियाची तपासणी करून घेतोय, सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ तरी मिळेल. शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटं तो आणि मी. काल 'हस्त' सुटला, 'कृती'तला ऋकार अजून अडतोय.

तू इतकी वर्षं चौथीला शिकवतोयस, जोडाक्षरं तू कशी घेतोस, पाटीवर की वाळूत, ते सविस्तर लिही. मला लवकर हवंय, पुढच्या सोमवारपासून 'स्त्र' घ्यायचाय.

काकूंना सलाम सांग.

तुझाच
मित्र