द्राक्षांचा वास

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावलो नव्हतो. तब्येत बरी आहे. कापूस वेचणीला आलाय, भाव विचारू नको.

परवा रात्री बाबांच्या पायाची पट्टी सोडली आणि आधी तूच आठवलास. पट्टीवर निळसर हिरवा डाग, आणि तो वास. द्राक्षांचा. आपल्या लॅबचा इनक्युबेटर उघडला की यायचा तोच! तू डोळे मिटून सांगायचास, "स्यूडोमोनास जंतू, लाव पैज." घरातल्यांना नुसती घाण येत होती, नाव एकट्या मला ठाऊक होतं.

काल कल्चरचा रिपोर्ट आला. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू औषधाला दाद देत नाही. कोलिस्टिन हे एकच औषध तेवढं उरलंय. ते किडनीवर जातं, आणि बाबांची किडनी साखरेनं आधीच खाल्लीय. डॉक्टर दोन बोटं काढू म्हणतात.

बंड्या, तीन वर्षं मीच मेडिकलमधून सिप्रो या अँटिबायोटिकच्या पाच-पाच गोळ्या आणत होतो. जखम सुकली की उरलेल्या देव्हाऱ्याच्या फळीवर, पुढच्या खेपेसाठी. एम.एस्सी. मायक्रो! इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय, आम्हीबी तेच करतो.

रात्रभर फेजचं, जंतूंना मारणाऱ्या विषाणूंचं, वाचत बसलो. मेसमधलं भांडण आठवतं? तुझा लाडका लॅम्डा फेज ई. कोलाय जंतूत शिरतो, रिप्रेसर नावाच्या प्रथिनानं स्वतःचेच जीन गप्प बसवतो आणि जंतूला न मारता त्याच्याच डीएनएत पिढ्यानपिढ्या झोपून राहतो. मी म्हटलं, झोपणारा सालदार काय कामाचा? तू वरणाची वाटी आपटलीस, "त्या रिप्रेसरचा जीनच कापून टाक, मग बघतो कसा झोपतो!" माझ्या शर्टावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. पण लेका, २०१८ मध्ये लंडनच्या दवाखान्यात पंधरा वर्षांच्या पोरीला नेमके तसेच फेज दिले. फुप्फुस बदलल्यावर तिच्या अंगभर मायकोबॅक्टेरियम जंतू पसरला होता. तीन फेजांपैकी दोघांचा रिप्रेसर कापलेला, तिसरा मुळातच न झोपणारा, आणि तो सापडला कुठे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका सडक्या वांग्यात! तिच्या जखमा भरत आल्या. वाटीचे पैसे मी देणं लागतो.

जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीत १९२३ पासून हेच काम चालतं. आम्हाला नागपूरच लांब पडतं. शिवाय ज्याच्या-त्याच्या जंतूला त्याचा-त्याचा फेज जुळावा लागतो, हे मला कळतं. पण बाबांना काय सांगू? म्हणाले, "येवढा जंतूचा शिकला तू, मंग याले औषध कोन्तं, थे सांग नं."

वहिनींचं बाळंतपण नीट झालं ना? पोरीचं नाव काय ठेवलं? विचारायलाही उशीरच झाला.

तर ऐक. हॅन्किन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असं लिहिलं, त्यावरच्या सेमिनारमध्ये तू म्हणाला होतास की आपली अडाण नदीसुद्धा चालेल. सर किती चिडले होते! आज पहाटे मी अडाणवर गेलो नाही, बसस्टँडमागच्या नाल्यावर गेलो; जिथे जंतू, तिथेच त्यांचे फेज. बाटली भरून आणली. पायावर ओतणार नाही, तेवढी अक्कल शिल्लक आहे. तुमच्या लॅबमध्ये माणसांचं काही करत नाहीत, हेही माहीत आहे. तरी कुणी बाबांच्या जंतूच्या प्लेटवर हे पाणी गाळून एक थेंब टाकून बघेल का, एवढं विचार. थेंबाखालचे जंतू मरून ठिपका साफ झाला तर कळव, नाही झाला तरी कळव.

तोवर बाटली फ्रिजमध्ये ताकाशेजारी आहे. कुणी पिऊ नये म्हणून झाकणाला लाल दोरा बांधलाय. आई त्याला तीर्थ समजून सकाळी हात जोडून गेली.

तुझा,
दिन्या