ग्लायसीन सापडले, जीव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला धूमकेतूंवरचा लेख आवडला. मथळ्याने मात्र घात केला: ‘धूमकेतूवर जीवसृष्टीचा पुरावा’! सोमवारी बारावीच्या वर्गात पोरांचा एकच धोशा, ‘सर, मग तिथे जंतू आहेत का?’

सापडले ते असे. रोझेटा यानाला ६७पी या धूमकेतूभोवतीच्या वायूत ग्लायसीन आणि फॉस्फरस आढळल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याआधी स्टारडस्ट यानाने विल्ट-२ धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली होती. तीतले ग्लायसीन इथल्याच हाताळणीतून तर लागलेले नाही ना, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, ताडून पाहिले आणि मगच २००९ मध्ये शास्त्रज्ञ बोलले.

ग्लायसीन म्हणजे सर्वांत साधे अमिनो आम्ल, प्रथिने ज्या विटांची बनतात त्यांतली एक वीट. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची बाटली आहे. पांढरी, पिठीसाखरेसारखी भुकटी, बुडाशी थोडी गोळा झालेली. कित्येक वर्षे पडून आहे. तीतून अजून काही वळवळत बाहेर आलेले नाही.

खरी मेख पुढेच आहे. ग्लायसीन सोडले तर प्रथिनांतली बाकीची अमिनो आम्ले डावी आणि उजवी अशा, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या, दोन रूपांत असू शकतात, आणि सजीवांची प्रथिने डाव्यांचीच बनतात. बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, पण डावी-उजवी जवळपास निम्मी-निम्मी. कच्चा माल वरून आला असेलही. त्यातून डावी तेवढी कोणी निवडली? लेखात यावर ओळही नाही. पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनीच आणले, हेही लेखात ठोकून दिले आहे. पाणी कुठून आले, हे त्यातल्या जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून ताडतात. रोझेटानेच मोजले, की ६७पीच्या पाण्यात हे प्रमाण आपल्या समुद्राच्या तिपटीहून जास्त आहे. निदान अशा धूमकेतूंवर तरी ते श्रेय ढकलता येत नाही.

आणि खान्देशातल्या वर्तमानपत्राला या विषयासाठी इतके लांब कशाला जायला हवे? १८४३ मध्ये एदलाबादजवळ, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला अशनी पडला. जगभरच्या नोंदींत तो ‘मानेगाव’ याच नावाने आहे. जात डायोजेनाइट, वेस्टा लघुग्रहाच्या पोटातल्या शिलारसापासून बनलेला मानतात. त्यामुळे त्यात अमिनो आम्ले शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसनसारखा कार्बनयुक्त दगड लागतो. तरीही मानेगाववर एक पान होऊन जाऊ द्या, आणि त्याचे तुकडे आज कोणकोणत्या संग्रहालयांत आहेत, तेही त्यात छापा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, सावदा (जि. जळगाव)