फॉर्मवर सही झाली, तरी सबसिडी का सुरू होत नाही? ऑस्ट्रेलियाच्या बालशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
सिनेटर डॉ. जेस वॉल्श,
बालशिक्षण मंत्री, ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

मा. मंत्रिमहोदया,

सविनय नमस्कार.

मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका चाइल्डकेअर केंद्राच्या ऑफिसात काम करते. नव्या मुलांची नोंदणी, फीची बिलं आणि पालकांचे फोन हे माझं रोजचं काम. आमच्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि त्यांचा एकच प्रश्न माझ्या टेबलापर्यंत पुन्हा पुन्हा येतो: "फॉर्म भरला, सही केली, मग बिल पूर्ण फीचं कसं आलं?" पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहिते आहे ते अशासाठी, की ज्यांच्यावर ही वेळ येते त्या आईवडिलांनाही ते वाचता यावं.

५ जानेवारी २०२६ पासून तीन दिवसांची हमी लागू झाली. आईवडील किती तास काम करतात हे न बघता, पात्र कुटुंबाला प्रत्येक मुलामागे पंधरवड्याला किमान ७२ तासांची सबसिडी, म्हणजे चाइल्डकेअरच्या फीतला सरकारने भरायचा वाटा. हा निर्णय फार चांगला आहे. काम नाही म्हणून तास कमी, आणि मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून काम नाही, अशा कात्रीत सापडलेल्या आया मी रोज बघत होते. पण ही हमी घरापर्यंत पोचते ती नोंदणीच्या वाटेने, आणि ती वाट पालकांना कोणी नीट दाखवत नाही.

पालक सेंटरलिंककडे, म्हणजे सरकारी मदतीचे पैसे देणाऱ्या विभागाकडे, सबसिडीचा अर्ज करतात. केंद्राशी लेखी करार होतो. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, कोणते दिवस, किती ते किती आणि फी किती हे सगळं असतं. मग आम्ही ती नोंदणी सरकारी सिस्टिममध्ये टाकतो. पालकांच्या दृष्टीने काम इथे संपतं. प्रत्यक्षात ते संपलेलं नसतं. ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याच पालकाने मायगव्ह या सरकारी सेवांच्या वेबसाइटवरून सेंटरलिंकच्या खात्यात जाऊन तीच नोंदणी पुन्हा मंजूर करावी लागते. ती होईपर्यंत सबसिडी केंद्राकडे येत नाही. आमच्याकडे अनेकदा अर्ज आईच्या नावाने असतो आणि केंद्रात येऊन सही करतात बाबा. आईला वाटतं बाबांनी केलं, बाबांना वाटतं झालंच आहे. पुढे दिवस किंवा फी बदलली तर पुन्हा मंजुरी मागितली जाऊ शकते, हेही कोणाला ठाऊक नसतं.

आकड्यांत सांगते. दिवसाची फी १३० डॉलर धरा आणि मूल आठवड्याला तीन दिवस येतं असं समजा. पूर्ण बिल ३९० डॉलर. ७५ टक्के सबसिडी बसणाऱ्या घराला त्यातले शंभर-सव्वाशे भरायचे असतात. मंजुरी राहिली की ३९० चं बिल हातात पडतं. भाडं, गाडीचा हप्ता आणि नवीन नोकरीचा पहिला पगार यांचा मेळ घालणाऱ्या घरात तो आठवडा कसा जातो, हे मला फोनवरच्या आवाजावरून कळतं.

यापेक्षा जास्त नुकसान होतं ते व्हिसा बदलताना. सबसिडीला पात्र नसलेल्या टेंपररी व्हिसावरच्या कुटुंबांची नोंदणी वेगळ्या प्रकारात होते. मूल येतं, फी पूर्ण. इथपर्यंत ठीक. अशाच एका कुटुंबाला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा, मिळाला तेव्हा ती दोघं संध्याकाळी मुलीला न्यायला येताना पेढ्यांचा डबा घेऊन आली. सगळ्या शिक्षिकांनी पेढे खाल्ले. त्यांची समजूत अशी, की पीआर आला म्हणजे सरकारला कळलंच, आता फी आपोआप कमी होईल. काही महिन्यांनी त्या ताईंनी बिलांची चळत समोर ठेवून विचारलं, तेव्हा कळलं की सबसिडीचा अर्जच केलेला नाही आणि नोंदणीचा प्रकारही जुनाच आहे. अर्ज केल्याच्या तारखेपासून फार तर २८ दिवस मागचे पैसे मिळतात. त्याआधीचे महिने गेले ते गेलेच. पहिल्या दिवशी त्यांनी सही केलेल्या कागदावर "व्हिसा बदलला तर लगेच अर्ज करा आणि केंद्राला कळवा" एवढं एक वाक्य असतं, तरी हे टळलं असतं.

नावांचंही एक दुखणं आहे. मराठी घरांत मुलाच्या नावानंतर वडिलांचं नाव लावतात, आणि पासपोर्टवर बऱ्याचदा दोन्ही एकाच रकान्यात येतात. केंद्राच्या फॉर्मवर पालक फक्त मुलाचं नाव आणि आडनाव लिहितात. सेंटरलिंककडची माहिती आणि आमची माहिती जुळली नाही की गाडी तिथेच अडते. "सेंटरलिंकच्या पत्रावर आहे तसंच लिहा" ही सूचना त्या रकान्याच्या शेजारी छापायला काय हरकत आहे?

आता ७२ तासांकडे येते. पालकांना वाटतं मूल नऊला आलं, तीनला गेलं, म्हणजे सहा तास वापरले. तास मोजले जातात ते करारात लिहिलेल्या सत्राचे, म्हणजे ज्या वेळेची फी लागते त्या पूर्ण वेळेचे. सत्र १२ तासांचं लिहिलं असेल तर आठवड्याला तीन दिवसांत पंधरवड्याचे ७२ तास संपले. सत्र १० तासांचं असेल तर ६० संपतात आणि १२ उरतात, म्हणजे पंधरवड्यातून आणखी एक दिवस सबसिडीत बसतो. सत्राची निवड देणारी केंद्रं आहेत, पण हा फरक कळल्याशिवाय पालक निवडणार काय? माझ्या मते करारातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि सही करताना तिच्याकडे कोणीच बघत नाही.

सुट्ट्यांचं तसंच. आर्थिक वर्षात प्रत्येक मुलाला ४२ गैरहजेऱ्यांपर्यंत सबसिडी मिळते. आठवड्याला पाच दिवस येणारं मूल सहा आठवडे आजीकडे गेलं की त्यातल्या ३० तिथेच जातात. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी फी लागत असेल तर तीही याच ४२ मध्ये धरतात. उरलेल्या बारांत थंडीतली सगळी सर्दी-तापाची आजारपणं बसवायची. आजारपणासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर जादा गैरहजेरी मिळू शकते, हे तिकीट काढण्यापूर्वी माहीत असलं तर घर तशी आखणी करतं.

नियम बदला अशी माझी मागणी नाही. करार कसा समजावायचा ते बदला. लेखी कराराच्या पहिल्या पानावर देशभर सारखा, साध्या भाषेतला मजकूर असू द्या: ही सही कशासाठी, यानंतर कोणी, कुठे, काय मंजूर करायचं, आणि काय बदललं तर काय करायचं. तो मजकूर मराठीसह पालकांच्या भाषांत केंद्राला उतरवून घेता यावा. मंजुरी राहिली असेल तर पालकाच्या मोबाइलवर थेट मेसेज जावा, आणि तो पहिलं बिल निघण्याआधी जावा. नोंदणी अडकली आहे हे आम्हाला आमच्या स्क्रीनवर दिसतं. ते आईला तिच्या फोनवर दिसणं अवघड नसावं.

सेंटरलिंकचा बहुभाषिक फोन १३१ २०२ आहे आणि तो चांगलं काम करतो. पण फोन करायला आधी काहीतरी राहिलं आहे हे समजावं लागतं, आणि आज आमच्या पालकांना ते बिल हातात आल्यावरच समजतं. या पानाचा मसुदा करताना केंद्रांच्या ऑफिसात बसणाऱ्या आमच्यासारख्यांना बोलावलंत, तर मी येईन, आणि सोबत दोन-तीन आयांनाही घेऊन येईन.

आपली नम्र,
चाइल्डकेअर केंद्रातली एक ऑफिस कर्मचारी, मेलबर्न