बाबा, तुमचा तो म्हातारा इन्स्पेक्टर अजून चालू आहे

प्रिय आई बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की दूरदर्शनवर ती एक जर्मन सिरीयल लागायची, ओल्ड फॉक्स, ओव्हरकोटातला म्हातारा पोलीस, तुझ्या त्या म्युनिकमधलीच ना ती, तिचं पुढे काय झालं. मी म्हटलं लिहून पाठवते, कारण फोनवर पाच मिनिटात आईचा गुडघा, कामवाल्या मावशी आणि पाणी आलं का नाही यातच कॉल संपतो आणि हे सांगायला मला नीट वेळ हवा होता.

तर हो, म्युनिकमधलीच. आणि मुख्य बातमी म्हणजे ती अजून चालू आहे! इथे तिचं नाव 'डेर आल्टे' (म्हणजे म्हातारा, बोलताना साहेबालाही तेच म्हणतात), त्सेट-डे-एफ चॅनलवर, शुक्रवारी रात्री सव्वाआठला. पहिला भाग ११ एप्रिल १९७७ ला लागला होता, म्हणजे आमच्यातला कोणी जन्मालासुद्धा आला नव्हता, आणि आता चारशेच्या वर भाग झालेत. तुम्ही कसब्यातल्या वाड्यात ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर सतरंजीवर बसून बघायचात ते ऐंशीच्या दशकातले, इंग्लिश डबिंग केलेले. तुमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट दिसायचे तरी मुळात ते रंगीत आहेत बरं का, तो कोट कसला होता बघायचं असेल तर आलात की दाखवते.

तुमच्या म्हाताऱ्याचं नाव एर्विन क्योस्टर. काम करणारा नट झीगफ्रीड लोवित्स. बाबा तुम्ही म्हणालात ना की तो मारामारी करायचा नाही, पळायचा नाही, नुसता समोर बसून बघत राहायचा आणि मग अचानक एक साधासा प्रश्न टाकायचा, अगदी तस्संच आहे. आणि जरा कपटी पण आहे हो, संशयिताला खोटंच काहीतरी सांगून बोलतं करायचं, नियम थोडे वाकवायचे, वरच्या साहेबाचं ऐकायचं नाही. मी जर्मन शिकले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा जे पुस्तकी जर्मन शिकवलं ते आणि हा क्योस्टर बोलतो ते यात फार फरक आहे, तो अर्धं वाक्य तोंडातच ठेवतो. पण समोरचा माणूस घाबरतो तो त्या न बोललेल्या अर्ध्यालाच.

आता बाबा ऐका, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. लोवित्सचा जन्म १९१४ चा. म्हणजे १९७७ मध्ये पहिला भाग लागला तेव्हा माणूस बासष्ट वर्षांचा होता!! बासष्टाव्या वर्षी त्याचं हे काम सुरू झालं, ज्या कामासाठी त्याला अख्खा जर्मनी आणि तुमच्यासारखे कसब्यातले लोक पण ओळखायला लागले. पुढे नऊ वर्षं त्याने ते केलं, शंभर भाग, आणि १९८६ मध्ये शंभराव्या भागाबरोबर थांबला, गोष्टीत क्योस्टरला गोळी घालून मारलं. आमच्या शेजारी ज्या आजी राहतात (त्या पहिल्या भागापासून बघतायत, मी बऱ्याचदा शुक्रवारी त्यांच्याकडेच जाते, त्यांना सोबत होते आणि मला म्हातारं माणूस घरात असल्यासारखं वाटतं) त्या सांगतात की तेव्हा त्यांच्या घरी कोणी जेवलं नव्हतं नीट.

मग आला लिओ क्रेस, म्हणजे रोल्फ शिम्फ. तो १९२४ चा. काम सुरू केलं तेव्हा एकसष्ट, आणि सोडलं २००७ मध्ये, तेव्हा ऐंशीच्याही पुढे! २२२ भाग केले. खऱ्या पोलिसात या वयापर्यंत कोणी ठेवत नाही हे इथल्या लोकांना कळत नाही असं नाही, साठीच्या आसपास रिटायर करतात इथेही, पण एकवीस वर्षं लोकांनी शुक्रवारी रात्री त्याला घरात येऊ दिलं कारण त्यांना तो तसाच हवा होता, शांत, पांढऱ्या केसांचा, ज्याच्यासमोर बसल्यावर खोटं बोलायची लाज वाटावी असा. क्योस्टर तिरसट होता, क्रेस प्रेमळ. आजींना क्योस्टर आवडतो, मला क्रेस जास्त आवडतो, यावरून आमचं होतं अधूनमधून. शिम्फ शंभर वर्षं पूर्ण करून गेले बाबा, शंभरावा वाढदिवस नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा इथे पेपरात फोटो आले होते.

त्यानंतर वॉल्टर क्राय, मग यान-ग्रेगोर क्रेम्प, आता थॉमस हाइन्त्से. माणूस बदलतो, खुर्ची तीच. आई, तुझ्या सीआयडीचं असं झालेलं तुला चालेल का, शिवाजी साटम नाहीत आणि तरी सीआयडी? मला नाही वाटत. इथे मात्र पहिल्यापासूनच खुर्चीचं नाव सिरीयलला दिलेलं होतं म्हणून ते जमलं असेल.

पण खरा टिकून राहिलेला माणूस वेगळाच आहे आणि तुम्हाला तो नक्की आठवेल, क्योस्टरच्या मागे वही घेऊन उभा असायचा तो, गेर्ड हायमान. मिशाएल आन्दे नावाचा नट. १९७७ च्या पहिल्या भागात तिशीतला तरुण, आणि २०१६ मध्ये सिरीयल सोडली तेव्हा सत्तरीचा. एकोणचाळीस वर्षं!! चार साहेब आले त्याच्यासमोर आणि हा कधी साहेब झाला नाही. पत्ते शोधा, शेजाऱ्यांना विचारा, फाईल आणा, गाडी चालवा. मी जुने भाग सलग बघत बसते कधी कधी सुट्टीत आणि त्यात माणसाचे केस मागे जाताना, चेहरा रुंद होताना, चालणं मंद होताना दिसतं, कुठे मेकअप नाही, खरंखुरं. मला ते बघताना दर वेळेस तुम्ही दोघं आठवता, कारण मी वर्षातून एकदा येते तेव्हा मला पण तुम्ही असेच उड्या मारत वयस्कर होताना दिसता, मधले महिने मला दिसतच नाहीत.

अजून एक, हे दूरदर्शनवर आलं होतं का नाही कोण जाणे पण माझ्यासाठी फार मोठं आहे. क्रेसच्या टीममध्ये १९८६ पासून हेन्री जॉन्सन नावाचा पोलीस होता, काळा. चार्ल्स हूबर. वडील सेनेगलचे, आई जर्मन, जन्म म्युनिकचाच. ८६ साली इथे शुक्रवारच्या प्राइम टाइमला काळा माणूस पोलीस अधिकारी म्हणून दार वाजवतो आणि लोक त्याला उत्तरं देतात, हे त्या काळात कुठे होतं सांगा? पुढे २०१३ मध्ये तो खरोखरचा खासदार झाला इथल्या संसदेत. त्याच्यानंतर ९७ मध्ये पियेर सानुसी-ब्लिस आला, तो पण काळा, पूर्व बर्लिनचा. मी इथे पहिल्यांदा भाड्याचं घर शोधत होते तेव्हाचे काही अनुभव तुम्हाला माहितीयेत, तर मला ही सिरीयल याच्यासाठी पण जवळची वाटते की त्यांनी यावर भाषण केलं नाही, हूबरला नेमलं, कामाला लावलं आणि अकरा वर्षं ठेवलं.

शहर म्हणाल तर तुम्ही जे बघितलंत त्यातलं बरंच जसंच्या तसं आहे. पोलीस मुख्यालय एटश्ट्रासेला, फ्राउएनकिर्ख नावाच्या मोठ्या चर्चच्या दोन घुमटांच्या अगदी जवळ, मी तिथून नेहमी जाते. आणि ते मोठमोठे बंगले, ज्यात कायम कोणीतरी श्रीमंत माणूस पांढऱ्या सोफ्यावर मरून पडलेला असायचा, ते तिकडे दक्षिणेला ग्र्युनवाल्डला आहेत, इसार नदीच्या वर, ट्राम जाते. बंगला, कुंपण, आत गप्प बसलेलं कुटुंब. गोळीबार नाही, पाठलाग नाही, सगळं दिवाणखान्यात. आई म्हणते तसं, घरातलाच असतो. (आई तू दहाव्या मिनिटाला खुनी ओळखायचीस आणि बाबा चिडायचे हे मी आजींना सांगितलंय, त्यांना तुला भेटायचंय.)

डेरिक ही दुसरी पोलीस सिरीयल, तो पण इथलाच, त्याच निर्मात्याचा, हेल्मुट रिंगेलमान म्हणून होते. १९७४ ते १९९८, २८१ भाग, शंभरच्या वर देशात दाखवला. पण २०१३ मध्ये डेरिकचं काम करणाऱ्या नटाचं, टापर्टचं, युद्धाच्या वेळचं वाफेन-एसएसचं (नाझींचं सशस्त्र दल) प्रकरण बाहेर आलं आणि चॅनलने जुने भाग परत दाखवणं थांबवलं. मला ते योग्यच वाटतं. आजींना वाईट वाटलं होतं, त्या म्हणतात आम्ही इतकी वर्षं त्याच्याकडे न्यायाचा माणूस म्हणून बघितलं.

बरं आता मुद्द्याचं. बाबा, आईने मला सांगितलं की सोसायटीतल्या लोकांनी तुम्हाला खजिनदार व्हा म्हणून विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, वर म्हणालात आता माझं काय राहिलंय, एकाहत्तर झालं, पोरांना करू दे. मला ते ऐकून रात्री झोप लागली नाही. तुम्ही आयुष्यभर बँकेच्या शाखांचं इन्स्पेक्शन केलंत. मी लहान असताना तुमच्याबरोबर एकदा आले होते कोकणातल्या एका शाखेत, तुम्ही आत गेल्यावर आधी चहा मागवला, सगळ्यांची चौकशी केली, मुलं कितवीत आहेत विचारलं, आणि मग अगदी सहज म्हणालात की ते मागच्या महिन्याचं व्हाउचर जरा दाखवता का, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडला. मी क्योस्टर बघते तेव्हा मला तो चहा आठवतो. हे कोणा पस्तिशीच्या पोराला येणार नाही बाबा, एक्सेल कितीही येऊ दे. सोसायटीचं पेंटिंगचं कोटेशन दुप्पट कसं झालं हे तुम्हालाच कळलं ना? वॉचमनचा पगार वेळेवर का होत नाही हे पण तुम्हीच विचारलंत ना लिफ्टपाशी?

तुमच्या बीपीची काळजी मला आहे, आईलाही आहे. जिने चढायचे नाहीत, मीटिंग रात्री नऊनंतर लावायची नाही हे त्यांना आधीच सांगून टाका, ऐकतील, गरज त्यांना आहे. कॉम्प्युटरवर टाकायचं काम एखाद्या तरुण मुलाला देऊ देत, तुमचा हायमान म्हणून ठेवा एक कोणीतरी. सही करायच्या आधी बघणारे डोळे मात्र तुमचे हवेत.

आई, तू त्यांना कशाला त्रास म्हणून अडवू नकोस प्लीज. ते दिवसभर घरात बसून टीव्हीचे चॅनल बदलतात याचाच तुला जास्त त्रास होतोय हे मला फोनवर ऐकू येतं. आणि तुझ्या गुडघ्याच्या एक्सरेचा फोटो अजून आला नाहीये, भाचीला सांग काढून पाठवायला, इथे ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा ऑर्थोपेडिक आहे त्याला दाखवते.

जूनमध्ये यायचं बघा. व्हिसाचे कागद मी तयार करतेय, बँकेचं स्टेटमेंट आणि इन्शुरन्सचं माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त पासपोर्टची तारीख बघून कळवा. शुक्रवारी आजींकडे जाऊ, मी मध्ये बसून भाषांतर करीन. उन्हाळ्यात सव्वाआठ म्हणजे तुमचे पावणेबारा होतात, म्हणून फोनवरून एकत्र बघू वगैरे म्हणू नका बाबा, जागरण नको, इथे येऊनच बघायचं.

आणि सोसायटीची मीटिंग कधी आहे ते लगेच लिहा, व्हॉट्सॲपवर नुसती तारीख टाकलीत तरी चालेल. सेक्रेटरींना होकार मी कळवू का तुम्ही कळवताय?

तुमची,
लेक